आमळाखेडीचा ळ

सचिवजी, कोरम भरला.

तुम्ही नव्हता म्हणून भरला. पहिल्यांदा सोयाबीनची कापणी होती, दुसऱ्यांदा लग्नं होती. दोन्ही वेळा तुम्ही शाळेच्या ओट्यावर रजिस्टर उघडून दुपारपर्यंत बसलात, 'कोरम के अभाव में स्थगित' असं लिहिलंत, खाली रेघ ओढलीत आणि रजिस्टर पुन्हा कापडात बांधलंत. या वेळी गहू शेतात उभा होता. तरी तिन्ही टोल्यांतून, म्हणजे वस्त्यांतून, माणसं आली. बायका लेकरं कडेवर घेऊन आल्या. हजेरीचा कागद पुरला नाही, पाठीमागे अंगठे घ्यावे लागले. ग्रामसभा तुमच्या शोकसभेला जोडून ठेवली होती, आणि शोकसभेला या म्हणून कोणाच्या दारी जावं लागलं नाही.

मागे फ्लेक्स होता. ओळखपत्रावरचा तुमचा फोटो ताणून ताणून एवढा मोठा केलेला की तुम्ही कोणी दुसरेच दिसत होता. खाली लिहिलं होतं: 'ग्राम पंचायत आमकाखेड़ी की ओर से सचिवजी स्व. वसंतराव पारखे को भावपूर्ण श्रद्धांजलि.' चुकलेल्या नावाच्या गावानं तुम्हांला श्रद्धांजली वाहिली. मला माइक दिला. माझ्या हातून माइक काढून घ्यावा लागतो अशी माझी पंचक्रोशीत कीर्ती आहे. मी तो परत केला. लोकांना वाटलं, हिला रडू आलं. रडू नव्हतं आलं. मी त्या फ्लेक्सवरच्या 'क'कडे बघत होते आणि मला वाटत होतं, आता कुणीतरी खिशातून पेन्सिल काढेल.

हे मी मराठीत लिहितेय. तुम्ही तीन वर्षं म्हणत होता, "एकदा तरी आपल्या भाषेत लिही गं. हिंदीत तू फार ओरडतेस." मी म्हणायचे, आमच्या घरी मराठी बोलायला आहे, लिहायला नाही, शाळा हिंदी, परचे म्हणजे वाटायची पत्रकं तीही हिंदी, मराठीत मला साधं आमंत्रण लिहिता येत नाही. आता लिहितेय. चुका राहतील. पेन्सिल घेऊन बसणारं कोणी नाही.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण 'वाचणाऱ्याला आधी उभा कर, मग ढकल' हे तुमचंच. मध्य प्रदेशात, बागलीच्या खाली डोंगरात नदीच्या पलीकडे तीन टोले होते. पंचायत नदीच्या अलीकडच्या मोठ्या गावात. तिथल्या ग्रामसभेत 'नदीपारवाले' सगळ्यांत शेवटी. त्यांची पाळी येईपर्यंत ऊन उतरायचं, सरपंच उठायचे आणि सतरंजी गुंडाळायला लागायची. वर्षानुवर्षं त्यांचा हातपंप सतरंजीत गुंडाळला गेला. तुम्ही त्या मोठ्या पंचायतीचे सचिव होता. वेगळ्या गावाची मागणी वर गेली ती तुमच्या हातून, आणि वेगळी पंचायत झाल्यावर तिथली बदली तुम्ही स्वतः मागून घेतलीत. त्या पंचायतीला इमारत नव्हती, टेबल नव्हतं, शिक्का ठेवायला कुलूप नव्हतं. तुमच्या घरी काकू म्हणाल्या होत्या म्हणे, "लोक शेवटच्या वर्षांत देवासजवळ येतात, तुम्ही डोंगरात चाललात."

आणि त्या नव्या पंचायतीच्या विरोधात पहिला मोर्चा मी आणला.

आठवतं? तुम्ही ओट्यावर, समोर आम्ही. माझ्या हातात पुठ्ठा: 'सचिव होश मे आओ.' तुम्ही चष्मा पुसलात, खाली उतरलात, पुठ्ठ्यापर्यंत आलात आणि म्हणालात, "मैडम, 'में' पर बिंदी नहीं है. बिना बिंदी के मैं होश में कैसे आऊँ?" माझेच लोक हसले. माझेच! मग तुम्ही विचारलंत कुठली, मी म्हटलं देवास, तुम्ही आडनाव विचारलंत आणि एकदम मराठीत आलात.

"अगं, मग तू आपल्यातली! कुणाची?"

"कोणाची नाही. संघटनेची."

"बरं बाई. काका म्हण मला."

"पंचायतीत कोणी कोणाचा काका नसतो."

"हे मात्र बरोबर बोललीस," तुम्ही म्हणालात. "मग सचिवजी म्हण. लिहिताना फक्त 'चि' ऱ्हस्व."

तेव्हापासून सचिवजी. काकूंना मी काकू म्हणते, तुमच्या मुलीला ताई म्हणते, आणि तुम्ही मात्र सचिवजी. 'काका म्हण' असं तुम्ही पुन्हा कधी म्हणाला नाहीत. मीही कधी हट्ट सोडला नाही.

आपलं भांडण कामावरून असायचं. तुमची ती वाचून दाखवायची रीत! एक हातपंप कुठे खणायचा याचा चार ओळींचा ठराव. तो तुम्ही हिंदीत वाचणार, मग गावच्या मालवी बोलीत सांगणार, मग मागच्या रांगेतल्या कोणाला तरी उठवणार. "हां काकाजी, कई समझ्या? थे बताओ." तो म्हातारा आपल्या शब्दांत सांगणार. चुकला तर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचणार. त्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. मी घड्याळ बघत उभी. एकदा मी म्हटलं, "सचिवजी, एका हातपंपाला दोन तास? पाणी लागायला इतका वेळ लागत नाही." तुम्ही म्हणालात, "तू परचा वाटतेस तेव्हा कोणी वाचला का, हे बघायला मागे फिरतेस का?"

नाही फिरत. हे उत्तर मी तेव्हा दिलं नव्हतं.

आणि ते रजिस्टर. पहिल्याच वर्षी मी माहितीच्या अधिकारात ते तपासायला मागितलं, पान उलटलं आणि ओरडले, "यात खाडाखोड आहे!" तुम्ही रजिस्टर माझ्याकडे फिरवलंत. एका शब्दावर एकच आडवी रेघ. वर बरोबर शब्द. बाजूला तुमची छोटी सही. "खालचं वाचता येतंय?" तुम्ही विचारलंत. येत होतं. "मग कशाला ओरडतेस? खरवडलं असतं, पांढरं फासलं असतं, पान फाडलं असतं तर ओरड. मी येतो तुझ्याबरोबर ओरडायला." सरदारपुरकडच्या ज्या पंचायतीत तुमची नोकरी सुरू झाली तिथल्या जुन्या सचिवांनी हे शिकवलं, म्हणालात. चुकीवर एक रेघ, खालचं दिसलं पाहिजे, बाजूला सही. मी तेव्हा मनात म्हटलं, हा माणूस लबाड नाही, नुसता चिकट आहे. तेवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी परचा तुमच्याकडे तपासायला घेऊन आले.

आता हे लिहिताना हसू येतं. पंचायतीच्या विरोधातला परचा पंचायतीचा सचिव तपासून देतो! तुम्ही पेन वापरायचा नाहीत. "शाई सरकारची आहे, पेन्सिल माझी." सायकलच्या दुकानात खुणा करायला असते तसली आखूड पेन्सिल कानामागून काढायची, अनुस्वार द्यायचे, ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, आणि मजकुराबद्दल एक शब्द बोलायचा नाही. 'भ्रष्ट' लिहिलं असेल तर ष पोटफोड्या आहे ना एवढंच बघायचं. "विरोध कर, पण शुद्ध कर." गावात मला 'परचावाली' नाव पडलं होतं. तुम्ही ओट्यावरूनच हाक मारायचात, "काय परचावाली, आज कुणाचा मुर्दाबाद?"

एक परचा मात्र मला विसरता येत नाही, आणि तुम्हांलाही विसरता आला नाही.

वेगळ्या गावाचा सरकारी आदेश आला तेव्हा त्यात नाव होतं 'आमकाखेड़ी'. असं गावच नाही. तीन टोल्यांतल्या कोणाच्या तोंडी हे नाव कधी नव्हतं. लोक म्हणत होते आमळाखेडी, आणि आदेशात आमका. नदीच्या अलीकडच्यांना खेळणंच मिळालं. बसवाला विचारायचा, "भिया, कहाँ उतरोगे? अमकाखेड़ी के ढमकाखेड़ी?" हसण्यावारी नेता आलं असतं, पण शिक्का त्याच नावाचा झाला, शाळेची पाटी त्याच नावाची झाली. एका मुलीच्या सासरी लग्नाची पत्रिका गेली तर तिथून निरोप आला, खरं गाव सांगा, मग तारीख धरू. इतकी वर्षं ही माणसं 'नदीपारवाले' होती. नाव मिळालं तर तेही 'अमका'. माझं डोकं फिरलं.

मी परचा लिहिला. मथळा होता: 'किस अनपढ़ ने बिगाड़ा हमारे गाँव का नाम?' म्हणजे मी 'अनपढ' लिहिलं होतं, ढ खाली टिंब न देता. तुम्ही कागद गुडघ्यावर घेतलात. बराच वेळ वाचत राहिलात. मग विचारलंत, "हाच शब्द हवा?"

"हाच. लागला पाहिजे."

"लागेल," तुम्ही म्हणालात.

आणि ढ खाली नुक्ता दिलात. गोल, नीट, पेन्सिल जरा दाबून. 'गाँव'वर चंद्रबिंदू दिलात आणि कागद परत केलात. मी तो घेऊन छापखान्याकडे पळाले. मागे वळून बघितलं नाही.

मग मी तेच केलं जे मला येतं. कोणत्या बाबूनं नाव बिघडवलं ते शोधायला मूळ मागणीपत्राची नक्कल मागितली. पहिलं उत्तर टाळाटाळीचं आलं, अपील केलं, आणि पावसाळा संपता संपता टपालानं पाकीट आलं. एकच पान. 'नदीपार के तीनों टोलों को मिलाकर ग्राम आमळाखेड़ी.' हातानं लिहिलेलं. अक्षर मला न ओळखता यायला काय झालं होतं? माझ्या प्रत्येक परच्याच्या समासात ते अक्षर होतं.

हिंदी अर्जात तुम्ही ळ लिहिला होता! सगळ्या जिल्ह्यात हिंदी शिकलेले टायपिस्ट, त्यांनी जन्मात ळ पाहिलेला नाही. त्यांतल्या एकाला दोन गोल दिसले, त्यानं मधे दांडा कल्पून घेतला आणि 'क' ठोकला. असली चूक देवासच्या मराठी घरातलाच माणूस करू शकतो. दुसरा कोणी नाही.

मी बस धरून आले आणि तो कागद तुमच्या रजिस्टरवर आपटला. तुम्ही आधी पूर्ण वाचला. मग म्हणालात, "तारीख घालायची राहिली होती बघ." मग म्हणालात, "हो. अक्षर माझंच."

"परचा काढला तेव्हा तोंड का उघडलं नाहीत?"

"तू नुक्ता विसरली होतीस. म्हटलं, तो आधी देऊ, मग सांगू. तर तू निघालीस."

"हिंदी कागदात ळ कशाला लिहायचा?"

"ते ळ म्हणाले. मी ल कसा लिहू?"

मग मी जे बोलले ते इथे लिहिते, खरवडत नाही. मी म्हटलं, "तुमच्या मराठीपणापायी एका अख्ख्या गावाची ओळख गेली. तुमचा ळ देवासला दिवाणखान्यात ठेवा, चांदीच्या भांड्यांशेजारी." तुमचा चेहरा पडला. तुमच्याकडे चांदीची भांडी नव्हती हे मी तुमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा कळलं. स्टीलची ताटं आणि तांब्याचा एक बंब.

तो कागद मला परत देत तुम्ही म्हणालात, "दुरुस्तीपत्रक काढ. माझं नाव घालून काढ. नाव मी बिघडवलं म्हणून."

"काढते," मी म्हटलं.

नाही काढलं. हे सगळ्यांसमोर कबूल करायचं म्हणूनच मी लिहायला बसले. आयुष्यात मी एकच परचा टाळला, आणि तो तुम्ही मागितलेला होता. तुम्ही दर भेटीत विचारायचात, "आपलं पत्रक?" मी म्हणायचे, छापखाना बंद आहे. कागद महाग झालाय. निवडणूक होऊ दे, नदीच्या अलीकडचे लोक त्याचा वापर करतील. शेवटचं कारण खरंही होतं थोडंसं. पण पूर्ण खरं सांगू? ते छापलं असतं तर गाव तुमच्यावर ओरडलं असतं, आणि तुम्हांला शिव्या देण्याचा हक्क मला फक्त माझ्याजवळ ठेवायचा होता.

तुम्ही मग तुमच्या रस्त्यानं गेलात. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत दोन मुद्दे घातलेत: ग्राम के नाम में सुधार, आणि त्रुटि का स्पष्टीकरण. स्पष्टीकरण तुम्ही स्वतः उभं राहून देणार होता. म्हणजे वाचून दाखवणार, मग मालवीत सांगणार, मग मागच्या रांगेतल्या कोणाला तरी उठवून विचारणार, 'हां काकाजी, मैंने कई गलती करी?' मला ते दिसत होतं. दोन वेळा कोरम भरला नाही. मग तुमची निवृत्ती झाली. हार घातले, शाल दिली, आणि तुम्ही नव्या सचिवाला किल्ली देताना म्हणालात, "पुढच्या सभेला मी येणार. बोलायचंय."

शेवटचा फोन ठरावाच्या मसुद्यावरून. तुम्ही मसुद्यात 'आमलाखेड़ी' लिहिलं होतं. साधा ल.

"घाबरलात?" मी विचारलं.

"घाबरलो नाही. शहाणा झालो. ल सगळ्यांना वाचता येतो."

"पण ते ल म्हणत नाहीत, सचिवजी!"

तिकडे तुम्ही हसलात. "आता तू ळसाठी भांडणार?"

"भांडणार. रविवारी येते देवासला."

"ये. काकू थालीपीठ लावतील. मी पेन्सिलीला टोक करून ठेवतो."

रविवारी मी आले नाही. कन्नौदकडे एक धरणं होतं. धरण्यात काय झालं म्हणाल तर काहीच नाही, निवेदन दिलं, फोटो काढले, कचोरी खाल्ली. मंगळवारी ताईचा फोन आला.

काकू सांगत होत्या, तुम्ही रविवारी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलात. मी थालीपीठ खाल्लं. तेराव्यानंतर दोन दिवसांनी, तुमच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसून. काकूंनी लावलं आणि मी खाल्लं.

आता त्या सभेचं सांगते, कारण तुम्ही विचारालच.

दोन मिनिटांचं मौन झालं. नव्या सचिवानं रजिस्टर उघडलं. चांगला मुलगा आहे, कॉम्प्युटरवर बोटं भराभर चालतात, वाचताना मात्र घाईत वाचतो. त्यानं तुमचा मसुदा वाचला, "ग्राम का नाम आमकाखेड़ी से सुधारकर आमलाखेड़ी किया जाए."

पुढच्या रांगेत सरपंच रेशमबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "यो कणी को गाँव हे?"

हे कोणाचं गाव? सगळी सभा हसली. तुमच्या शोकसभेत. तुम्हांला आवडलं असतं.

तेव्हा मी उठले. माइक न घेता. पिशवीतून नक्कल काढली आणि सांगितलं. नाव बाबूनं बिघडवलं नाही, सचिवजींच्या हातून झालं, हिंदीत नसलेलं अक्षर त्यांनी लिहिलं, हे त्यांना स्वतः इथे उभं राहून सांगायचं होतं, दोनदा ते आले, पण लोक आले नाहीत. मी मालवीत सांगितलं. माझी मालवी कशी आहे तुम्हांला माहीत आहे. मग मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला उठवलं आणि विचारलं, "काकाजी, कई समझ्या?"

तो म्हणाला, "समझ्या के सचिवजी मरी ग्या ने थें उनकी चुगली करी री हो."

सचिवजी गेले आणि मी त्यांची चुगली करतेय! सगळे पुन्हा हसले. मग रेशमबाई बोलल्या. बसूनच. आवाज चढवला नाही.

"बेन, कागद तो उनने म्हाके वांची ने सुणायो थो."

कागद तुम्ही त्यांना वाचून दाखवला होता, ही गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नाहीत, सचिवजी. मागणीपत्र लिहिलं त्या दिवशी तिन्ही टोल्यांचं नावावरून जुंपलं होतं म्हणे. ज्याच्या टोल्याचं नाव त्याचं गाव, मग बाकीचे दोन पुन्हा पाहुणे. तेव्हा रेशमबाई सरपंच नव्हत्या, मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, वर उतारावर आमळ्याची, म्हणजे आवळ्याची, झाडं आहेत, तिन्ही टोल्यांची गुरं त्यांच्याखाली बसतात, त्यांचं नाव द्या. आमळाखेडी. तुम्ही लिहिलंत, वाचून दाखवलंत, आणि त्या अक्षरावर बोट ठेवून त्यांना पुन्हा म्हणायला लावलंत. त्या ळ म्हणाल्या. तुम्ही विचारलंत, नक्की? त्या म्हणाल्या, हो, हेच. मग अंगठे झाले.

"चूक कणी की?" रेशमबाईंनी मलाच विचारलं. "म्हने कियो, उनने लिख्यो. वांचवा वाला के नी आयो."

त्यांनी सांगितलं, तुम्ही लिहिलंत, वाचणाऱ्याला आलं नाही. एवढीच गोष्ट. मी तिच्यावर परचा काढला, अपील केलं.

आणि मग त्यांनी ते विचारलं. अगदी सहज, आज भाजी काय केली विचारावं तसं. "थारा परचा में 'अनपढ़' लिख्यो थो. म्हारा छोरा ने वांची ने सुणायो. नाम तो म्हने ज बतायो थो, ने अनपढ़ भी हूँ ज हूँ. तो म्हने जाण्यो के परचो म्हारा पर हे."

त्यांना वाटलं, तो परचा त्यांच्यावर आहे. नाव त्यांनी सांगितलं होतं, आणि अनपढ़ त्याच होत्या. इतके दिवस त्यांना तसं वाटत होतं, आणि इतके दिवस त्या मला चहा देत होत्या.

'हाच शब्द हवा?' तुम्ही विचारलं होतंत. मी म्हटलं लागला पाहिजे. तुम्ही म्हणालात लागेल. कोणाला लागेल हे तुम्हांला तेव्हाच दिसलं होतं ना? मग सरळ का नाही सांगितलंत? का हात धरला नाहीत? तुमच्यावर चिडायला मला आजही येतं, बघा. मजकुराला हात लावायचा नाही हा तुमचा नियम, माझा परचा माझा, माझी चूक माझी. पण एकदा, सचिवजी, एकदा नियम मोडायचा होतात. मी ऐकलं नसतं, पण तुम्ही सांगितलं होतंत एवढं तरी आज माझ्याकडे असतं.

मी सभेत माफी मागितली. रेशमबाई म्हणाल्या, "चल बेन, अबे नाम लिख." मी तिथेच थांबले असते, रडले असते, पण गावाला गहू कापायचा होता.

ठराव ळ चा झाला. एकमतानं. नव्या सचिवानं मान हलवली, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मैडम, ये अक्षर बनता कैसे है?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मराठी बाई आहे, तिला येईल. बाहेरच्या माणसानं ग्रामसभेच्या रजिस्टरला हात लावू नये, तुम्ही असता तर माझ्या हातून ते ओढून घेतलं असतंत. रेशमबाईंनी ते माझ्यापुढे सरकवलं.

मी लिहिलं. आम. मग ळ. सचिवानं मान वाकडी करून वाचलं, "आम... का?"

माझ्या हातचा ळ क झाला होता! हिंदीत शिकलेला हात. गोल काढता काढता दांडा आपोआप येतो. मी त्यावर एक रेघ मारली, बाजूला सही केली, पुन्हा लिहिलं. तो 'ह' झाला. पुन्हा रेघ, पुन्हा सही. तिसरा तर काहीच झाला नाही. पाठीमागे कोणीतरी म्हणालं, "सचिवजी तो फट से बनाता था." हो, तुम्ही फट से बनवायचात. मी नक्कल समोर ठेवली आणि तुमचा ळ बघून बघून, शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून, चौथा काढला. सचिवानं वाचायचा प्रयत्न केला नाही. त्यानं रेशमबाईंकडे बघितलं. त्यांनी मोठ्यानं म्हटलं, आमळाखेडी, आणि त्याच्या पाठोपाठ सभेनं म्हटलं.

ठराव वर गेला आहे. काय होऊन येतं ते बघायचं. वरच्या कॉम्प्युटरला ळ चालेल की नाही माहीत नाही. नवा सचिव म्हणतो, शोधून काढतो. पुन्हा 'क' होऊन आला तर मी तिथे जाऊन बसणार आहे, त्या टायपिस्टच्या टेबलाशेजारी, स्टूल घेऊन. ओरडणार नाही. वाचून दाखवणार.

रजिस्टरच्या त्या पानावर आता माझ्या तीन चुका आहेत. तिन्ही वाचता येतात.

घरी आल्यावर मी जुनी फाइल काढली. त्या परच्याचा तुम्ही तपासलेला कागद छापखान्यानं परत दिला होता, तो मी ठेवला होता. का ठेवला, तेव्हा माहीत नव्हतं. 'अनपढ़'वर मी एक रेघ मारली. पट्टी धरून, सरळ. वर काही लिहायचं होतं, कोणता शब्द लिहायचा ते सुचलं नाही, ती जागा मोकळी सोडली. बाजूला सही केली. तारीख घातली.

खालचं वाचता येतं, काका. ढ खालचा तुमचा नुक्तासुद्धा दिसतो.